त्याच्या पेशी आणि माझ्या

माझ्या नवऱ्याच्या रक्ताचा मला हेवा वाटतो. बायका जावेच्या फ्लॅटचा हेवा करतात, शेजारणीच्या पैठणीचा करतात. मी करते तो माझ्याच नवऱ्याच्या रक्ताचा, तोही रक्तातल्या अशा पेशींचा ज्या कुणाला दिसत नाहीत. आम्हा दोघांनाही एचआयव्ही आहे. गोळ्या एकाच दिवशी सुरू झाल्या, एकाच खिडकीतून मिळतात, आणि सकाळी साडेआठला एकाच तांब्यातल्या पाण्याबरोबर आम्ही त्या घेतो. तरी त्याचं सगळं भरून आलं आणि माझं रखडलं. कुणी म्हणेल, नवरा बरा झाला तर बायकोला आनंद व्हायला हवा. होतो ना. पण आनंद झाला म्हणून पोटात दुखायचं थांबत नाही.

लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची दीड खोली आहे. खिडकीपाशी माझं शिलाईमशीन. मी ब्लाउज शिवते, त्यामुळे माणसाचं अंग मला टेपनं कळतं. कोण भरलं आणि कोण उतरलं हे मला त्या माणसाच्या आधी समजतं. नवरा परळला एका काचेच्या टॉवरमध्ये देखभालीच्या कामावर आहे. त्याच जागी पूर्वी गिरणी होती आणि त्याचे वडील तिथे साच्यावर, म्हणजे मागावर, होते. लग्नाआधी तो शिवडीला, गोदीजवळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे होता. ते पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. सगळा जन्म लालबागमध्ये गेला तरी त्यांच्या तोंडातून मालवण काही उतरलं नाही. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. आम्हाला मूल नाही. नवऱ्याला मी एकट्यात तू म्हणते आणि सासूबाईंसमोर अहो.

आजार आधी माझ्यात दिसला. आधी दिसला म्हणजे आधी झाला असं नसतं, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं, पण तोवर आमच्या घरात निकाल लागून गेला होता. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. माझेच ब्लाउज मला ढगळ व्हायला लागले, आणि दुसऱ्यांची मापं घेणारी मी स्वतःचं माप घ्यायला घाबरायला लागले. तोंडात पांढरा थर जमायचा, घास गिळवत नसे. गल्लीतले डॉक्टर टॉनिक देत राहिले आणि मशीनवर कमी बसा म्हणत राहिले. मग कमरेवर नागीण उठली. परकराची नाडी बांधता येईना, तेव्हा कुठे नवऱ्यानं मला परळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे मला भरती केलं आणि रक्त तपासलं. माझं कळल्यावर त्याचंही तपासलं. त्याला एक साधी सर्दी नव्हती. माझ्या खाटेशी तो केळं खात उभा होता, हे मला आजही आठवतं.

वॉर्डात पडद्याआड तो माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "माझ्याकडूनच आलं असणार. लग्नाआधी शिवडीला असताना मी नीट वागलो नव्हतो." मला रडायचंसुद्धा त्राण नव्हतं. मी एवढंच विचारलं, "हे घरी सांगशील?" त्यानं होकाराची मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी पुढे कितीतरी दिवस काढले.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्या नणंदेला फोन लावला. ती डोंबिवलीला असते. फोन स्पीकरवर, मी पलंगावर, नवरा दारात बुटांची नाडी बांधतोय. सासूबाई म्हणाल्या, "हिनाच हाडल्यान गो. हिचो रिपोट आदी इलो." म्हणजे हे दुखणं हिनंच घरात आणलं, कारण हिचा रिपोर्ट आधी आला. नणंद पलीकडून "अगंबाई" म्हणाली. मी नवऱ्याकडे पाहिलं. नाडी बांधून झाली होती तरी तो वाकलेलाच राहिला. मग उठला आणि कामावर गेला.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. माफी नको होती, हातापाया पडणं नको होतं. वॉर्डातल्या पडद्यामागे तो जे बोलला ते त्यानं आमच्या घरात, त्याच्या आईच्या देखत बोलावं. एक वाक्य. त्याला किती वेळ लागतो? ब्लाउजला हूक लावायला त्याहून जास्त लागतो.

आमच्या डॉक्टर मॅडम तरुण, माझ्याहून लहान असाव्यात. पहिल्या दिवशी त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. रक्तात संरक्षणाच्या पुष्कळ तऱ्हेच्या पेशी असतात. त्यातल्या सीडीफोर नावाच्या पेशी स्वतः फारशी मारामारी करत नाहीत. कुठे धावायचं, कुणाला अडवायचं, ते त्या बाकीच्यांना सांगतात. एचआयव्हीचा विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो, त्यांचंच सामान वापरून स्वतःच्या प्रती काढतो आणि त्यांना संपवतो. मी लालबागची. मला लगेच गणपतीतले शिट्टीवाले कार्यकर्ते दिसले. ही पोरं कुणाला हात लावत नाहीत, नुसती शिट्टी वाजवतात, आणि मग दोर धरणारे धावत येतात. शिट्टीवालेच एकेक करून गायब झाले तर दोर धरणारे असून काय उपयोग? कुणीही घुसावं. मी तसं म्हटल्यावर मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "अगदी तसंच. तुमच्या तोंडातली बुरशी एरवी सगळ्यांच्याच तोंडात असते. नागिणीचा विषाणू तर लहानपणच्या कांजिण्यांपासून तुमच्या अंगात झोपलेला होता. शिट्टी वाजली नाही म्हणून ते उठले."

एचआयव्ही आणि एड्स एक नाही हेही तेव्हाच कळलं. एचआयव्ही हा विषाणू. तो अंगात असूनही माणूस वर्षानुवर्षं केळी खात उभा राहू शकतो. पेशी फार खाली गेल्या आणि एरवी न होणारी दुखणी व्हायला लागली की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. नवऱ्याला पहिलं होतं, मला दुसरं. गोळी विषाणूला मारत नाही, त्याला नव्या प्रती काढू देत नाही. तो कुठेतरी दडून बसतो, म्हणून गोळी जन्मभर घ्यायची. ती नीट घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तसाच राहिला तर संबंधातून दुसऱ्याला लागतही नाही.

त्या बाबतीत आमची बरोबरी झाली. काही महिन्यांत दोघांच्याही रिपोर्टवर विषाणू सापडला नाही असं आलं. मी मनातल्या मनात फुगडी घातली. पण पेशींच्या आकड्यात माझ्या तोंडाला पानं पुसली गेली. त्याचे शिट्टीवाले मुळात फार कमी झालेच नव्हते, जे थोडे गेले होते तेही परत आले. पाचशेच्या वर असायला हवेत तिथे माझे दोनशेच्या आसपास रेंगाळत राहिले. म्हणून मला ती मोठी पांढरी गोळीही रोज घ्यावी लागे. शिट्टीवाले कमी असतात तोवर बाहेरच्या संसर्गांना अडवायला ती देतात. त्याला ती कधीच लागली नाही. रोज सकाळी त्याच्या तळहातावर एक गोळी आणि माझ्या तळहातावर दोन. माझ्या तळहाताकडे तो मुद्दाम बघत नसे, आणि मला त्याचाच राग यायचा.

"माझं का भरत नाही?" मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही फार खालून सुरुवात केलीत. काही शरीरांना वेळ लागतो. तुमचं काही चुकलेलं नाही." चुकलेलं नाही, म्हणे. मग ज्याचं चुकलं होतं त्याच्या गालावर तकाकी कशी?

आणि तकाकी नुसती गालावर नव्हती. त्याच्या पँटी कमरेत घट्ट व्हायला लागल्या. त्या उसवून मोठ्या करायचं काम कुणाचं? माझं. त्याच आठवड्यात मी माझे ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतले. एका मशीनवर, एकाच रिळाच्या दोऱ्यानं, त्याचं सैल आणि माझं तंग. गॅलरीत शेजारीण त्याला म्हणायची, "भावजी, अंगी लागतंय हां बायकोच्या हातचं." भावजी लाजून हसायचे. बायको आत दात-ओठ खात शिलाई मारायची.

सासूबाई त्याला सुरमई तळून वाढायच्या आणि मला त्या दिवसांपासून सकाळी गोळ्यांपाठोपाठ पेलाभर नाचणीची आंबील. "पी ता," एवढंच म्हणून पेला मशीनवर ठेवायच्या. आजाऱ्याला द्यावं तसं. त्यात कधी लोखंडी चव लागायची, कधी पेपरमिंटसारखी गार. विचारलं तर म्हणायच्या, पुदिना घातला. आंबिलीत कोण पुदिना घालतं? पण नवऱ्याला आंबील नाही आणि मला सुरमई नाही, हा सल इतका मोठा होता की चवीकडे माझं लक्ष गेलं नाही. खरं तर मला मासे वर्ज्य नव्हते. मी हात पुढे करून घेतलेही असते. पण वाढणाऱ्यानं वाढावं असं मला वाटायचं.

मग त्याचं भाषण सुरू झालं. उपचार केंद्रात नव्यानं कळलेल्या लोकांसाठी बैठक होते. तिथे धीर देणारं कुणीतरी हवं होतं. माझा नवरा उंच, भरलेला, हसतमुख. त्यालाच सांगितलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून जायला लागला. एकदा माझीही तपासणी त्याच दिवशी होती म्हणून मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. म्हटलं बघू तरी काय दिवे लावतो.

तो छान बोलला. हेच तर दुखणं आहे. गोळी कशी चुकवायची नाही, फोनमध्ये गजर कसा लावायचा, कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, सगळं सोपं करून सांगितलं. आणि मग म्हणाला, "माझ्या बायकोला हे माझ्यामुळे झालं. ती आधी आजारी पडली म्हणून लोकांनी तिला नावं ठेवली. चूक माझी होती."

पुढच्या रांगेतली एक मुलगी, नुकतंच लग्न झालेली असावी, हुंदके द्यायला लागली. त्यानं तिला पाण्याची बाटली दिली. त्या मुलीचा मला इतका मत्सर वाटला की माझे कान तापले. ती आज आली होती. आल्या आल्या तिला ते वाक्य मिळालं, वर पाणीही मिळालं. मी एवढा काळ त्याच्या पँटी उसवत बसले होते आणि मला साधी एक कुजबूज, तीही पडद्याआड. माझ्या हक्काची वस्तू तो बाहेर वाटत होता आणि लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलंच. "जगाला सांगतोस, आईला सांगायला तुझी जीभ झडते?"

"आईचं वय बघ ना यार," तो म्हणाला. "तिला झेपायचं नाही."

"आणि मला झेपतंय? मला काय लोखंडाची बनवलीय?"

"ओरडू नको. लोक बघतायत."

"बघू दे. तुझेच चाहते आहेत."

आम्ही वेगवेगळ्या बसनं घरी आलो.

त्यानंतरच्या तपासणीत माझा व्हायरल लोड वर आला. सापडत नव्हता तो विषाणू पुन्हा सापडायला लागला होता, आणि थोडाथोडका नाही. म्हणजे एका बाबतीत जी बरोबरी होती तीही गेली. मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि शांतपणे विचारलं, "गोळी चुकतेय का?"

"एकदाही नाही," मी म्हणाले.

आणि माझा नवरा, पँट सैल करून घेतलेला, इस्त्रीच्या शर्टातला, समजूतदार आवाजात म्हणाला, "मॅडम, ऑर्डरी असतात ना हिच्याकडे, लग्नसराईत वगैरे. विसरत असेल एखादवेळेस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज माझ्याच शेजारी बसून गोळी घेणारा हा, माझ्या तळहाताकडे कधी बघितलं नाही म्हणून असं बोलत होता. आजार मी आणला हे सासूबाई म्हणाल्या होत्या. आता तो बरा होत नाही तेही माझ्यामुळे, हे हा म्हणत होता. दोन्ही टोकं मायलेकांनी वाटून घेतली होती. मॅडम सांगत होत्या की औषध अर्धवट पोचत राहिलं तर विषाणू त्याला सरावतो, मग गोळ्या बदलाव्या लागतात, म्हणून कारण शोधलंच पाहिजे. मला ते ऐकू येत होतं आणि भीतीही वाटत होती. पण आधी मला माझ्यावरचा आळ उतरवायचा होता. मी म्हणाले, "मॅडम, मी साक्षीदार आणते. रोज सकाळी माझ्यासमोर बसून मी काय गिळते ते बघणारं माणूस आहे आमच्या घरात."

ज्या बाईनं माझ्यावर आळ घेतला तिलाच मी साक्षीला नेणार होते. दुसरं होतं कोण?

सासूबाई लगेच तयार झाल्या, याचंच मला नवल वाटलं. हिरवं नऊवारी नेसून, हातात पिशवी घेऊन त्या टॅक्सीत बसल्या. मॅडमच्या खोलीत मी, नवरा आणि मध्ये त्या. मॅडमनी मोठ्यानं विचारलं, "आजी, सूनबाई गोळी रोज घेतात का?"

"घेता मगे!" सासूबाई जवळजवळ ओरडल्याच. "रोज माज्या डोळ्यांदेखत घेता. एक दीस चुकूक नाय."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. मी जिंकले होते आणि तिथेच थांबले असते, पण सासूबाई थांबल्या नाहीत. शाबासकी मिळणार असल्यासारख्या त्या पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "तेच्यार मी आंबील दितंय. तेच्यात माज्या गोळ्या वाटून घालतंय."

"कसल्या गोळ्या?" मॅडमचा आवाज बदलला.

त्यांनी पिशवीतून तीन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. "ही हाडांची, ही रगताची आणि ही पित्ताची."

कॅल्शियम, लोह आणि पित्तावर चघळायची गोळी. लोखंडी चव आणि पुदिना, दोन्हींचा उलगडा झाला. मॅडमनी डोळे मिटून घेतले आणि मग समजावलं. आमच्या गोळीतलं औषध पोटात या गोष्टींना चिकटून बसतं. चिकटलं की ते रक्तात पुरतं उतरत नाही. मी रोज वेळेवर गोळी गिळत होते आणि पाठोपाठ येणारी आंबील ती पोटातच अडवत होती. दोन तास आधी आमची गोळी घेतली असती किंवा या गोळ्यांना सहा तास होऊ दिले असते तर काही बिघडलं नसतं. "बहुतेक हेच कारण आहे," मॅडम म्हणाल्या. "हे बंद करा. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

"पण आई, का?" माझ्या तोंडून निघालं. "सांगून का नाही दिल्यात?"

सासूबाई माझ्याकडे न बघता बोलल्या. "सांगान दिलंय तर ही घेवची नाय माज्या हातचा. झिलाच्या अंगार मांस चढता आणि ही सुकत चल्ली. माका दिसणा नाय काय?" झील म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा.

तेव्हा नवरा बोलला. इतक्या काळानं, त्या लहानशा खोलीत, टेबलाच्या कडेकडे बघत. "आये, तिला हे माझ्याकडून झालंय. ती निर्दोष आहे."

मला वाटलं, आता त्या कोसळतील, रडतील, कपाळ बडवतील. झेपायचं नाही, तो म्हणाला होता ना.

सासूबाईंनी पाकिटं पिशवीत भरली. "माका ठाऊक आसा," त्या म्हणाल्या. "पैल्यापासून ठाऊक आसा. शिवडीक आसताना तू खंय जायस ता माका कळत नव्हता काय? म्हणानच घायघायत तुजा लगीन लावलंय."

मला वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की माझं अंग हलकं होईल. झालं उलटंच. ज्या वाक्यासाठी मी झुरत होते ते दोघांकडेही होतं. मुलाकडे होतं, आईकडेही होतं, पुढच्या रांगेतल्या परक्या मुलीकडेसुद्धा होतं. आमच्या घरात ते फक्त माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मुलगा आईला जपत होता, आई मुलाला जपत होती, आणि त्या दोघांच्या जपाजपीत माझं रक्त पाणी झालं होतं. आंबिलीत गोळ्या वाटून घालण्याइतकी माया होती त्या बाईला माझी. तोंड उघडण्याइतकी नव्हती.

परतीच्या टॅक्सीत मागे त्या दोघांच्या शेजारी जागा होती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले.

घरी आल्यावर मी सासूबाईंना म्हणाले, "आई, डॉक्टरांसमोर बोललात ते फोनवर बोला. ज्या फोनवर माझा निकाल लावलात त्याच फोनवर. तोवर तुमच्या हातची आंबील मला नको."

त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. ते त्यांना छान जमतं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी, गोळीनंतर बराच वेळ जाऊ देऊन, साधी नाचणीची आंबील मशीनवर यायला लागली. बाजूला बशीत त्यांच्या गोळ्या, आता उघड. मी हात लावत नसे. पेला तसाच निवायचा, वर साय धरायची, संध्याकाळी त्या स्वतः पिऊन टाकायच्या. नवरा मधे एकदा म्हणाला, "घे ना, आई एवढं करतेय." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुन्हा विषय काढला नाही. भाषणालाही तो गेला नाही. मी जाऊ नको म्हटलं नव्हतं. गेला नाही एवढं खरं, आणि मला बरं वाटलं तेही खरं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. विषाणू सापडला नाही. गोळ्या बदलायची वेळ आली नव्हती. पेशीही किंचित वर सरकल्या होत्या. त्याच्या निम्म्यानंही नव्हत्या, पांढरी गोळी सुटली नव्हती, पण मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. नवरा म्हणाला, "बघ, मी म्हटलं होतं ना." त्यानं काय म्हटलं होतं ते मला चांगलं आठवत होतं.

त्या संध्याकाळी तो कामावरून आला, चहा घेऊन गॅलरीच्या दारात टेकला. मी शेजारणीच्या भाचीचा ब्लाउज शिवत होते. मशीनवर माझ्याशेजारी आंबिलीचा पेला होता, साय धरलेला. सासूबाई आतून आल्या, पेल्याकडे बघितलं, पलंगावर बसल्या आणि फोन लावला. स्पीकरवर रिंग वाजायला लागली. पलीकडून नणंदेनं "बोल आई" म्हटलं.

"गो, त्या दिवशी तुका मी खोटा सांगितलंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता, तरी मोठा होता. "सुनेन काय हाडूक नाय. माज्या झिलाकडसून तिका इला."

पलीकडून नणंद म्हणाली, "काय बोलतेस तू? दादा आहे का तिकडे? दे त्याला."

सासूबाईंनी फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं कप खाली ठेवला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे. मी मान खाली घालून सुईत दोरा ओवायला लागले.

"हो गं," तो म्हणाला. "माझ्याकडूनच झालंय तिला."

"परत सांग," मी म्हणाले. सासूबाईंच्या देखत मी त्याला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं. "मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही."

मशीन केव्हाचं बंद होतं. ते त्यालाही दिसत होतं आणि त्याच्या आईलाही. त्यानं परत सांगितलं.